तिसऱ्या टेबलचा पत्ता

...दूध तापवलं, कुंडीतल्या कढीपत्त्याला पाणी घातलं, दारामागची खुंटी पुसली. तिथे यांच्या स्कूटरची किल्ली असते. स्कूटर गेल्या वर्षी विकली, घेणाऱ्याला दुसरी किल्ली दिली... ही ठेवून घेतली. तीही पुसली आणि वाचनालयात गेले. साधा मंगळवार होता तो.

नवीन पनवेलमधलं आमच्या सेक्टरचं हे दोन खोल्यांचं वाचनालय. पुस्तकांचा डेटाबेस यांनी बनवला होता, हे गेल्यावर मी तिथे बसायला लागले. शाळा माझी सातवीत सुटली, पण वाचायची सवय सुटली नाही. कॉम्प्युटरचं पुस्तकही तसंच वाचलं, एकेक पान.

त्या आठवड्यात जुना कॉम्प्युटर जाऊन लॅपटॉप आला होता. सगळ्या फाइल्स कॉपी केल्या, तरी डेटाबेसमधलं एकही टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता, उघडेना. आमचे सेक्रेटरी सावंतभाऊ घाबरले. सगळी पुस्तकं पुन्हा टाइप करावी लागणार म्हणाले.

मी नाही घाबरले. आमच्या डेटाबेसमध्ये टेबलं दिसतात, पण माहिती असते दुसऱ्या फाइलमध्ये. इथे असते नुसती लिंक. घर बदललं की पत्ता बदलायचा, एवढंच. लिंकची यादी उघडली, पुस्तकं आणि सभासद या दोन टेबलांना फाइलची नवी जागा दाखवली. दोन्ही उघडली.

तिसरं टेबल म्हणजे 'शेरे'. कुणी पुस्तक परत आणलं की हे विचारायचे, कसं वाटलं... आणि उत्तर त्यात लिहून ठेवायचे. हे गेल्यापासून ते उघडलंच नव्हतं. खराब झालं असेल असं धरून दीड वर्ष मी तिकडे बघितलं नाही. खरं सांगायचं तर बघवलं नाही.

"वहिनी, ते डिलीट करून टाका," सावंतभाऊ म्हणाले. "मेलेलंच आहे ते."

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"मेलंय का हरवलंय, ते आधी बघू भाऊ," मी म्हटलं. लिंक डिलीट केली तर माहिती पुसली जात नाही, हे मला ठाऊक होतं. पण ती कुठे ठेवलीय, तो पत्ता जातो.

पत्ता बघितला. बाकी दोन टेबलांचा डी ड्राइव्हचा होता, याचा ई. जुन्या कॉम्प्युटरला तर ई नव्हताच.

"पेनड्राइव्ह असेल," सावंतभाऊ हळूच म्हणाले. "लोक मनातलं बोलतात, ते इथे उघडं ठेवायचं नाही, असं तुमचे मिस्टर म्हणायचे. आणि ते बसलेले असले की स्कूटरची किल्ली कॉम्प्युटरला लटकत असायची की, वहिनी."

किल्लीच्या रिंगमधली ती चपटी पट्टी... मी तिला कीचेन समजत होते. रोज पुसत होते.

दुसऱ्या दिवशी किल्ली घेऊन गेले, पट्टी लॅपटॉपला लावली. शेवटचा शेरा माझ्या नावापुढे होता... 'आवडलं असावं. विचारलं तर नुसती हसली.' ती फाइल पासवर्ड घालून लॅपटॉपवर कॉपी केली, लिंक तिकडे वळवली, आणि घरी येऊन किल्ली पुन्हा खुंटीला अडकवली.