कवंडळाची जागा

"ह्या फळ खंयचा गे?"

माझ्या फोटोसमोर दोन बायका उभ्या होत्या, त्यांतल्या एकीने दुसरीला विचारलं. पेडण्यातल्या एका सभागृहात माटोळीच्या फोटोंचं प्रदर्शन होतं. माझ्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि तशी लाल फीत चौकटीला चिकटवलेली होती. मी जवळच, मागच्या रांगेत, पर्स मांडीवर धरून बसले होते.

"कोण जाणा. रानातला आसतला," दुसरी म्हणाली. "आमची सून बाजारातली सफरचंदां बांधता. ती काय सांगतली?"

ते फळ कुठल्याच रानातलं नव्हतं.

फोटो मामाच्या घरचा, हळर्णचा. चवथीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला नारळ, सुपारीचं शिपटं म्हणजे अख्खा घड, आणि रानातली फळं बांधतात, ती माटोळी. मामा तिला विकतचं काही लावत नाही. दोरसुद्धा केवणीच्या सालीचा, सुतळी नाही. लहानपणापासून मी शिडीशी उभी राहून त्याला एकेक फळ वर द्यायचे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी वाचताना बरीच वर्षं अडखळत होते. पण कांगलां, घागऱ्या, माट्टी ही नावं पाठ होती, कारण नाव घेतल्याशिवाय मामा फळ हातात घेत नसे.

यंदा माटोळीला कवंडळाचं फळ मिळालं नाही. त्याची वेल ज्या डोंगराच्या कडेला होती, तिथे आता प्लॉट पाडलेत. मामा गुडघ्याला पट्टा बांधून दोन दिवस फिरला आणि तसाच परत आला. त्या जागी दुसरं काहीतरी बांधूया, असं मी म्हटलं.

"नाय. जां गावला नाय, तेची जागा मोकळी ठेवची," तो म्हणाला. "देवाक फसवन काय करूचा हा? आणि शेजाऱ्यांकय दिसांदे, काय संपला तां."

त्याने उजव्या कोपऱ्यात दोर तेवढा सोडला. खाली काही नाही.

मी डिचोलीत एका बॅनरच्या दुकानात डिझाइन करते. आधी चवथीच्या बॅनरांसाठी मी कॅमेरा घेऊन घरोघरी जायचे, लोक चहा द्यायचे, मी कमी बोलायचे आणि ते कोणाला खटकत नसे. आता कोणी पाठवत नाही. एआयला चार ओळी लिहून दिल्या की गणपती येतो, आणि माटोळी म्हणून वर द्राक्षांचे घड येतात. पहिल्या वर्षी मी ते घड पुसून काढत बसायचे. गिऱ्हाईक मागे उभं राहून म्हणायचं, "आसांदे गो, बरां दिसता." मग मीही सोडून दिलं. महिनाभर रोज तेच बघितल्यावर डोळ्यांना बरं दिसणं आणि खरं असणं यातलं अंतर कळेनासं होतं. निदान मला तरी.

स्पर्धेला फोटो पाठवायचा होता त्या संध्याकाळी मी अशीच दमून घरी आले होते. माटोळीमागून ट्यूबलाइटची वायर जात होती. फोटोत काही बदल करू नये असा नियम होता, पण वायर काढणं म्हणजे बदल नव्हे, असं मी धरून चालले. एआयला वायर पुसायला सांगितली. वायर गेली, आणि मोकळ्या दोराच्या टोकाला एक फळ आलं. लाल, गुळगुळीत, टोमॅटो आणि डाळिंब यांच्या मधलं काहीतरी. माझ्या लक्षात आलं नाही असं इथे लिहिता आलं असतं. लक्षात आलं होतं. चौकट भरलेली दिसत होती आणि परत सगळं करायचा कंटाळा आला होता. पाठवून दिलं.

मामा सभागृहात आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, लंगडत. सरळ फोटोकडे गेला. बघितला, चष्मा काढून पुसला, परत बघितला. उजव्या कोपऱ्यावर त्याची नजर थांबली. त्या दोघी अजून तिथेच होत्या.

"तुमचीच मां ही माटोळी? ह्या खंयचा फळ?"

मामाने माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

"कवंडळ," तो म्हणाला. "उशिरा गावला."

"कवंडळ असा दिसता?"

"ह्या जातीचा असाच दिसता."

मान डोलवून त्या पुढच्या फोटोकडे गेल्या. मामा तिथेच उभा राहिला, हात मागे बांधून. नाव घेतल्याशिवाय फळ न धरणाऱ्या माणसाने, कुठलंच फळ नसलेल्या त्या गोळ्याला माझ्यासाठी नाव दिलं होतं. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

थोड्या वेळाने संस्थेच्या अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं आणि मंचावर येऊन दोन शब्द बोलायला सांगितलं. अशा वेळी मी थँक यू म्हणते आणि खाली उतरते, सगळ्यांना ते माहीत आहे. माइक माझ्या उंचीच्या मानाने वर होता, कोणीतरी येऊन तो वाकवून दिला. पुढच्या रांगेत मामा दुखरा पाय लांब करून बसला होता आणि टाळ्या वाजवत होता. टाळ्या थांबेपर्यंत मी थांबले.

"फोटोतलं ते लाल फळ मशीनने घातलंय, आणि ते मी ठेवलं," मी म्हणाले. "मामाने ती जागा मोकळी सोडली होती."