उतू गेलेली कॉफी

परवा सिडनीत, गिरावीनला मुलीच्या नव्या घरात रीतीप्रमाणे दूध उतू घालवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी धावत जाऊन गॅस बंद केला.

"आई, रिलॅक्स! शुभ असतं ना ते?"

शुभच असतं. पण त्या चर्र आवाजाने मी थेट सत्तरच्या दशकात, इथल्याच हॅरिस पार्कच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये जाऊन पोचले.

शेजारची समीरा बैरूतची. तिकडे यादवी पेटली होती. आमच्या फोनवरून ती रविवारी दुपारी भावाला, इलियासला, फोन लावायची. तो शाळेत गणित शिकवायचा. तिकडे तेव्हा सकाळ असायची. त्या दिवशी गॅसवर कॉफी ठेवून तो बोलत होता.

बोलता बोलता समीराचा चेहरा उतरला. तिकडे इलियासच्या घराखाली गल्लीत बंदूकवाले भोंग्यावरून पुकारत होते, की शहर वाचवायचंय, प्रत्येक घरातल्या पुरुषाने खाली यायचं, न येणाऱ्याला ओढून नेऊ.

"दोन मिनिटांत येतो म्हणाला," ती मला म्हणाली. "फोन ठेवू नकोस म्हणाला."

आम्ही दोघी रिसीव्हरला कान लावून बसलो. दार वाजलं, जिन्यावरून पुष्कळ बूट उतरत गेले आणि सगळं शांत झालं. मग कॉफी उतू गेली. चर्र आवाज इतका जवळ आला की समीरा ओरडली, "इलियास, गॅस!"

लाइन तुटेपर्यंत आम्ही ते ऐकत होतो. इलियासचा आवाज पुन्हा कधी ऐकू आला नाही. आता मला त्या कॉफीचा करपट वासही आठवतो, जो मला येणं शक्यच नव्हतं.

मुलीला मी एवढंच म्हटलं, "उतू जाऊ दे गं. फक्त गॅस बंद करायला घरात कोणीतरी असू दे."