टेबलाखालची अमेरिकन आई

मी टेबलाखाली अडकले होते आणि माझा एकुलता एक मुलगा मला कायमचा सोडून चालला होता.

हातात बॅग, डोक्यावर टोपी, तोंड दाराकडे. समोर हॉलभर माणसं बसली होती, पण मदतीला एकही उठेना. उठणार कशी? ती नाटक बघायला आली होती!

टेबल जपानी, म्हणजे गुडघ्याएवढंसुद्धा उंच नाही. डोकं आणि खांदे आत गेले, स्वेटर टेबलाच्या दुमडत्या पायाच्या खटक्यात अडकला, आणि उरलेली मी बाहेर राहिले. (प्रेक्षकांच्या बाजूला माझा कोणता भाग होता, ते विचारू नका.)

हे नाटक माझ्या सुनेचं, मीराचं. पोरगी अमेरिकन नाटकांवर एम.ए. झालेली. माझ्या मुलाला, नितीनला, बँकेने जपानला पाठवलं तशी तीही आली, आणि टोकियोत ओजिमाच्या एका इमारतीत नवव्या मजल्यावर बसून जळणारा कचरा वेगळा नि प्लॅस्टिक वेगळं करायला लागली. मग तिने एक अमेरिकन नाटक मराठीत केलं, माणसं जमवली, तालमी सुरू केल्या, आणि तो २०११चा मोठा भूकंप आला. तिकडे सगळ्यांच्या आईबापांनी फोनवर रडारड केली आणि नटमंडळी मिळेल त्या विमानाने घरी गेली. नाटक कपाटात गेलं. पाच वर्षांनी तिने ते बाहेर काढलं, तेव्हा मी या दोघांकडे राहायला आले होते.

तालमी आमच्याच बाहेरच्या खोलीत व्हायच्या. चहा करता करता मी ऐकायची. अमेरिकेत हायवेवर एक टायरचं दुकान. म्हातारी आई दिवसभर नकाशा पसरून कधी न होणाऱ्या सहली ठरवते. मुलगी रेडिओला कान लावून गायिका व्हायची स्वप्नं बघते. मुलगा टायर बदलून दोघींना पोसतो, आणि शेवटी एक दिवस बॅग उचलून निघून जातो.

"मग या दोघी जेवणार काय?" मी मीराला विचारलं.

"तेच तर नाटक आहे, आई! तो गेला तरी चुकतो, राहिला तरी चुकतो."

"त्यात काय एवढं? जाताना डबा लावून जावं."

मीरा कपाळाला हात लावून हसली. चौथी शिकलेल्या बाईशी कोण डोकं लावणार!

प्रयोगाच्या आदल्या दिवशी आईचं काम करणाऱ्या बाईंचा फोन आला. त्या कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, कामाला होत्या आणि त्यांची पाळी बदलली होती. फोन ठेवून मीरा तांदूळ धुवायला लागली. धुतलेलेच तांदूळ पुन्हा धुवायला लागली.

"पुन्हा बंदच म्हणायचं," ती म्हणाली. "आता नाही काढणार मी हे बाहेर."

तिचा तो आवाज मला आवडला नाही.

"मला सगळं पाठ आहे," मी म्हटलं.

"आई, तुम्ही? स्टेजवर?"

"का? नकाशा बघायला काय लागतं? आणि पोरगा तर माझाच आहे!" (मुलाचं काम नितीनच करत होता. बायकोची नट म्हणून बोलणी खायची आणि नवरा म्हणूनही, असा त्याचा दुहेरी योग.)

नितीन म्हणाला, "आई, शेवटी तू गप्प बसायचंस हं. मी निघतो तेव्हा तू एक शब्दही बोलायचा नाहीस."

"जमेल."

मीरा आणि नितीन दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

अमेरिकन आईने झगा घालावा असा मीराचा आग्रह होता. मी लुगड्यावर स्वेटर चढवला आणि विषय संपवला. हॉल आमच्याच इमारतीचा, खाली चटयांचा. तिथे बूट घालून पाऊल टाकायचं नाही, म्हणून सगळं अमेरिकन कुटुंब मोज्यांवर! खुर्च्या नव्हत्या, म्हणून जमिनीवर मांडी घालून बसलेलं! हॉल सांभाळणारे म्हातारे यामादा-सान दाराशी उभे. पाचच्या ठोक्याला हॉल रिकामा हवा, हे त्यांनी मीराला चारदा वाकून सांगितलं.

नाटक छान चाललं होतं. मी नकाशा बघत होते, लोक हसत होते (हसायची जागा नव्हती, पण हसत होते). नितीनने बॅग उचलली. "आई, मी चाललो. परत येणार नाही." सगळा हॉल गप्प झाला.

आणि हॉलमधले सगळे फोन एकदम ओरडले. "जिशिन देस! जिशिन देस!" भूकंप आहे, भूकंप आहे!

आमच्या शेजारच्या सातो-सान मला इमारतीतल्या भूकंपाच्या कवायतीला न्यायच्या. तिथे मी एकच गोष्ट शिकले होते: फोन ओरडला की विचार करायचा नाही, टेबलाखाली शिरायचं. मी शिरले. अमेरिका वगैरे सगळं डोक्यातून गेलं.

जमीन जराशी हलली, वरचा दिवा दोनदा झुलला, आणि संपलं. फोनने केलेल्या बोंबेच्या मानाने अगदीच किरकोळ. जपानी पाहुण्यांनी दिव्याकडे बघून पुन्हा स्टेजकडे बघितलं. यामादा-सान मात्र नियमाप्रमाणे दार सताड उघडून, धरून उभे राहिले.

मी बाहेर यायला गेले, तर येईना!

"बाचान, दाइजोबु?" प्रेक्षकांतून माझी नात ओरडली. आजी, ठीक आहेस ना?

नितीनने बॅग टाकली आणि धावत आला. "आई! थांब, उचलतो!"

"नितीन, हात लावू नकोस!" पडद्यामागून मीरा दबक्या आवाजात किंचाळली. "तू सोडून चाललायस तिला!"

"अगं अडकलीये ती!"

"तू टेबल उचललंस तर नाटक संपलं!"

"मग काय आईला असंच टाकून जाऊ?"

"हो! तेच लिहिलंय!"

दारातून यामादा-सान घड्याळ दाखवायला लागले. नितीन टेबल धरून उभा, ना उचलतोय ना सोडतोय. लोक खिदळायला लागले. पडद्यामागून मीराचा आवाज येईनासा झाला. तशी मी घाबरले. भूकंपाला घाबरले नव्हते तेवढी घाबरले. पोरगी आत धुतलेले तांदूळ धूत उभी असणार, असंच मला वाटलं.

"नितीन," मी टेबलाखालून म्हटलं. "बॅग उचल."

"आई, पण तू..."

"माझं मी बघेन. तू गेला नाहीस तर कोणाचंच भलं होणार नाही. आता जा रे बाबा! जा एकदाचा!"

खिदळणं थांबलं. नितीनने बॅग उचलली. त्याची पावलं मला चटईवर ऐकू आली, हळूहळू, दोनदा थांबून. तालमीत तो कधी असा चालला नव्हता. जोरात दार आपटून जायचं ठरलं होतं, पण दार यामादा-सानांच्या हातात! त्यांनी वाकून "जपून जा" म्हटलं. घर सोडून पळणारा अमेरिकन मुलगाही वाकला, आणि मोज्यांवरच बाहेर गेला.

नाटकातल्या बहिणीने तिचं शेवटचं भाषण माझ्या पाठीकडे बघत केलं. कोणीतरी नाक ओढलं. मग टाळ्या पडल्या, आणि चौघांनी मिळून मला बाहेर काढलं. मीरा धावत आली, माझ्या फाटक्या स्वेटरला मिठी मारून हसायला आणि रडायला एकदमच लागली.

"आई, एक शब्दही बोलायचा नाही असं ठरलं होतं ना?"

"मग पुढच्या वेळी दुसरी आई बघ."

"नाही बघणार," ती म्हणाली.

मला उभ्या जन्मात कोणी नाटकात घेतलं नव्हतं. घरच्यांना न विचारता हो म्हणावं असं कामही कोणी दिलं नव्हतं. सुनेने दिलं, मुलाने माझं ऐकून मला टाकून दिलं, आणि सातो-सान रात्री स्वेटर शिवून द्यायला घेऊन गेल्या. मी तिघांचीही उपकृत आहे. एकदाच सांगते, पुन्हा सांगणार नाही.

इचिकावाहून आलेले एक शिकलेले गृहस्थ मला गाठून म्हणाले, "काकू, ते टेबल म्हणजे घराचं ओझं, बरोबर ना? काय ताकदीचं दिग्दर्शन!"

"बरोबर," मी म्हटलं. सुनेच्या नाटकाला कशाला खाली ओढा? शिवाय त्यांनी नाटकभर माझा जो भाग बघितला होता, त्यानंतर त्यांच्याशी वाद घालायला मला तोंड नव्हतं.

त्या भूकंपात कोणाला काहीही झालं नाही. आम्ही सगळे वाचलो.