सोल्युशन न लावलेली डावी बाजू

इथल्या भुताखेतांच्या अनुभवांच्या खाली "ताई, जरा झोप पूर्ण करा" असं लिहिणाऱ्यांपैकी मी एक आहे, हे आधीच कबूल करते. देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवतेय. आमच्याकडे लिंबू सरबतात जातं आणि मिरची ठेच्यात, दाराला काही टांगत नाही. त्यामुळे उद्या माझ्याच खाली कोणी झोपेचं लिहिलं तर मला राग यायचं कारण नाही. फक्त एवढंच... हे घडलं मे महिन्यात, दुपारी अडीचला, डोळे दिपतील अशा उन्हात. आणि मी चांगली जागी होते, घामानं निथळत होते.

जागा सांगते, कारण जागेला महत्त्व आहे. नाशिक रोडला, जेलरोडच्या आतल्या गल्लीत आमचं रो-हाउस. पुढे ओटा, ओट्यावर आप्पांची खुर्ची, ओट्याला लागून पत्र्याची शेड आणि शेडमध्ये आप्पांची पद्मिनी – दुधी रंगाची, जुनी, अजून चालणारी. गाडीची डावी बाजू ओट्याकडे आणि उजवी कंपाउंडच्या भिंतीकडे. म्हणजे आप्पांना खुर्चीतून गाडीची डावी बाजू आतपर्यंत दिसते.

आप्पा म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याऐंशी, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त. कान तिखट, डोळे शाबूत, जीभ तर विचारूच नका. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे तुम्ही "म्हातारपण हो" म्हणणार.

माझी पन्नाशी उलटेपर्यंत या गाडीला मी हात लावलेला नव्हता. म्हणजे लावू दिला नव्हता. दादाला सोळाव्या वर्षी शिकवली, मला काय म्हणाले, तर "तुला काय करायची, तुझा नवरा चालवील." नवऱ्यानं काय काय चालवलं ते लिहायला बसले तर वेगळं पान लागेल. आता दादा पुण्यात असतो, या गाडीला डबा म्हणतो, आणि आप्पांना दवाखान्यात नेते-आणते ती मी. त्याच डब्यातून.

तर गेल्या वर्षी या गाडीच्या छताचं कापड आतून सुटलं. वर चिकटवलेलं ते क्रीम रंगाचं अस्तर लोंबायला लागलं आणि मागं बसलेल्या आप्पांच्या टकलावर टेकायला लागलं. मी शहरातल्या एका सीट कव्हरवाल्याकडे गाडी नेली. त्यानं वर बघितलं आणि हात जोडले. "ताई, याच्यात आत कमानी असतात. काढायला एक दिवस, बसवायला तीन. आता कोणी घेत नाही हे काम."

घरी येऊन सांगितलं तर आप्पांना उलट बरंच वाटलं.

"माझ्या हातचं काम हाय ते," ते म्हणाले. "एकलहऱ्याच्या कॉलनीत असताना एकट्यानं बसवलं व्हतं. कुन्या गड्याला हात लावू देनार नाय मी त्याला."

हे 'एकट्यानं' मी लहानपणापासून ऐकत आलेय. कोणीही पाहुणा गाडीत बसला की आप्पा छताकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, एकट्यानं बसवलं. आई मागच्या सीटवर डाव्या कोपऱ्यात पर्स मांडीवर घेऊन बसलेली असायची आणि खिडकीबाहेर बघायची.

"मग मी बसवते," मी म्हटलं.

"तुला जमनार हाय का?"

"तुम्हाला एकट्याला जमलं ना?"

त्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. हे त्यांच्या स्वभावात नाही, पण तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

सुट्टी लागली आणि मी काम काढलं. आरसा, दिवा, दारांवरचं रबर काढलं. छताला आडव्या लोखंडी सळ्या असतात, त्यांनाच कमानी म्हणतात. कापडाच्या वरच्या बाजूला नळ्यांसारख्या पट्ट्या शिवलेल्या असतात, त्यांतून या कमानी जातात आणि कापड छताला धरून ठेवतात. प्रत्येक कमानीचा बाक वेगळा, म्हणून मी खडूनं आकडे घातले. मग जुनं कापड ओढून खाली घेतलं, उलटं केलं, आणि तिथंच मांडी घालून बसले.

नळ्यांच्या पट्ट्या परकराच्या होत्या. आईच्या मोरपंखी परकराच्या. कापड कमी पडलं असणार, तेव्हा तिनं स्वतःचा परकर फाडून पट्ट्या केल्या होत्या आणि तिच्या पद्धतीनं शिवल्या होत्या – शेवटाला मशीन तीनदा मागं-पुढं फिरवून. माझ्या सगळ्या फ्रॉकांना तशी शिवण होती. हे सगळं वरच्या अंगाला, जिथं कुणाची नजर जाणार नाही. खालून बघणाऱ्याला आप्पांचं काम दिसत होतं.

"आप्पा, हे आईनं शिवलंय."

"शिवायला काय... मशीन शिवतं."

"आणि चिकटवताना पलीकडून कोणी धरलं होतं?"

"ती व्हती की," आप्पा म्हणाले. "नुसतं धरून तर बसायचं व्हतं."

नुसतं! मला इतका संताप आला की ते कापड मी आप्पांच्या पायाशी टाकलं आणि आत जाऊन तोंडावर पाणी मारलं. आईला जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.

आईबद्दल एक गोष्ट सांगावीच लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी नवऱ्याचं घर सोडून एक बॅग घेऊन माहेरी आले, तेव्हा दार आप्पांनी उघडलं. "लेकीचं घर म्हंजी सासर," असं म्हणून ते दारातच उभे राहिले. आई त्यांच्यामागं पडदा धरून उभी होती. एक शब्द बोलली नाही. 'ये' नाही, 'जा' नाही. आप्पांवर मी रागावले नाही, त्यांच्याकडून अपेक्षाच नव्हती. आईशी मात्र मी अबोला धरला. कॅम्पात खोली घेतली आणि अकरा महिने तिच्याशी बोलले नाही. तिनं शेजारच्या बाईंबरोबर लोणच्याची बरणी पाठवली. मी लोणचं काढून घेतलं, बरणी धुतली आणि रिकामी परत पाठवली. आपल्यात रिकामं भांडं कोणी परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतातच. मी मुद्दाम घातली नाही. त्यानंतर महिनाभरात आई झोपेतच गेली. अबोला तसाच राहिला, मोडायला पलीकडे माणूसच उरलं नाही. आणि मग स्वयंपाकाला, औषधाला कोणी नाही म्हटल्यावर याच घराचं दार माझ्यासाठी उघडलं. लेकीचं घर माहेर झालं म्हणे.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. ती रागावून गेली की नाही, एवढं मला कळायला हवं होतं. रागावून गेली असेल तर तसं. पण कळायला हवं होतं.

असो. नवं कापड आणलं, आईच्याच मशीनवर नळ्या शिवल्या, कमानी ओवल्या. पुढची आणि मागची कड चिकटली. खरी मारामारी दोन्ही बाजूंची. चिकटवायचं सोल्युशन लावायचं, ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग कापड ओढून दाबायचं. पण एकटीनं उजवीकडे ओढलं की डावीकडचं सरकून येतं आणि मध्ये सुरकुत्या पडतात. मी डावीकडे कपड्यांचे चिमटे लावून बघितले, ते टपाटप पडायचे. दोन दिवस हेच. आप्पा ओट्यावरून बघत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या सीटवर उजवीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसले होते. डावी बाजू माझ्या पाठीमागे. डावीकडे अजून सोल्युशन लावलेलंच नव्हतं, आणि वैतागून सगळे चिमटे मी काढून सीटवर टाकले होते. म्हटलं, आधी उजवी बाजू तर होऊ दे, सुरकुत्या गेल्या खड्ड्यात. उजव्या कडेचं सोल्युशन सुकलं, मी दोन्ही हातांनी कापड ओढलं...

आणि ते आलं नाही. म्हणजे सरकून आलं नाही. डावीकडून कोणीतरी धरल्यासारखं ताठ झालं. डोक्यावरच्या सुरकुत्या एकेक करत गेल्या. त्याच वेळी सीट मागं, डाव्या अंगाला दबली. स्प्रिंग वाजली. माझ्या गुडघ्यांपाशी पडलेले चिमटे घरंगळत डावीकडे गेले.

तेवढ्यात ओट्यावरून आप्पांचा आवाज आला, अगदी रोजचा. "धर गं नीट. ढिलं नको सोडू."

"धरलंय, आप्पा," मी म्हटलं.

"तुला नाय म्हनलं."

आता तुम्ही विचाराल, मागं वळून बघितलं का? इथंच तर सगळं आहे. नाही बघितलं. घाबरून नव्हे. हात अडकले होते म्हणूनही नव्हे, मान वळवायला हात लागत नाहीत. मला कळलं होतं कोण आहे ते. गणित-बिणित बाजूला, मला शंभर टक्के कळलं होतं. आणि पहिली गोष्ट मनात आली ती ही, की आत्ता आलीस होय! मी बॅग घेऊन दारात उभी होते तेव्हा पडद्यामागून पाऊल पुढे टाकलं नाहीस, आणि आप्पांच्या गाडीचं कापड धरायला बरी धावत आलीस. मेल्यावरसुद्धा धरायलाच आलीस. इतकं कडू कडू झालं तोंड. म्हटलं, नाही बघणार जा. नाही बोलणार.

मी कापड दाबत राहिले. पुढच्या दारापासून मागच्या काचेपर्यंत, इंच इंच. दहा मिनिटं तरी गेली असतील. तेवढा सगळा वेळ पलीकडून ताण होता, आणि मला हवा तसा होता – मी जास्त ओढलं की थोडा सुटायचा, मी थांबले की थांबायचा. असं धरायला समोरच्याचा हात ओळखावा लागतो. मग सीट हलकी झाली. मी आणखी थोडी थांबले आणि तेव्हा वळले. सीटवर चिमटे होते, बाकी कोणी नाही. डावी कड सोल्युशनशिवाय दाराच्या वर चापून बसलेली होती.

संध्याकाळी चहा दिला तेव्हा आप्पांनी विचारलं, "बोललात का मंग दोघी?"

"कोण दोघी?"

"तू अन् तुझी आई. एवढा येळ शेजारी बसल्या व्हत्या."

"मला कोणी दिसलं नाही."

"मान वळवली का तू?"

मी बिस्किटांचा डबा पुढे केला.

"आगं, ती कव्हाच आधी बोलायची नाय," आप्पा म्हणाले. "आधी बोलायची सवयच नव्हती तिला."

"सवय नव्हती की लागू दिली नाही?"

त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं. ते मऊ होऊन पडलं, ते चमच्यानं काढत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विषय काढला तर म्हणाले, "मी असं काय म्हनलो नाय." आजतागायत त्यांचं हेच उत्तर आहे. मात्र परवा पलीकडचे काका गाडीत बसले, छत बघून छान म्हणाले, तर आप्पा म्हणाले, "पोरीनं बसवलं." मग थोडं थांबून म्हणाले, "दोघींनी."

त्या सीट कव्हरवाल्याला मी गाडी नेऊन दाखवली. त्यानं डाव्या बाजूचं रबर काढलं, कापडाखाली बोट घालून बघितलं. "ताई, इथं सोल्युशन कुठाय?"

"नाही लावलं."

"मग हे थांबलंय कशावर?"

मला विचारून काय उपयोग? त्यानं लावून देऊ का म्हटलं, मी नको म्हटलं. एक पावसाळा गेला, एक उन्हाळा गेला, ती कड हललेली नाही. ताण, घर्षण, उष्णतेनं कापड आखडणं... वर्गात शिकवावं तसं सगळं मी स्वतःला समजावून बघितलं. उष्णतेनं आखडलं तर सीट का दबली, हे काही मला सोडवता आलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर जरूर लिहा. झोपेचं लिहिलंत तरी चालेल.

सुट्टीचे राहिलेले सगळे दिवस, रोज अडीच वाजता, मी त्या गाडीत जाऊन बसले. मागच्या सीटवर, उजव्या कोपऱ्यात, डावीकडे एका माणसाची जागा सोडून. पहिल्या दिवशी लाज वाटली म्हणून हळू आवाजात म्हटलं. नंतर मोठ्यानं म्हटलं, ओट्यावर आप्पांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "आई, मी बोलतेय. मी आधी बोलतेय." शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत म्हटलं.

सीट एकदाही दबली नाही.