बारशाला आलेल्या दामलेबाई

सिंगापुरातल्या हार्बरफ्रंटच्या आमच्या ऑफिसात मूनकेकचे, म्हणजे चिनी सणाला वाटायच्या मिठाईचे, दिवस आले की दामलेबाई खाली लॉबीत खुर्ची टाकून बसत. एखाद्या सप्लायरचा माणूस खोका घेऊन आला, की ज्याच्या नावाचा खोका असेल त्या मॅनेजरला फोन करून खाली बोलवत आणि सगळ्यांदेखत, दोन्ही हातांनी, तो परत द्यायला लावत. एकदा निवृत्तीला आलेल्या एका चिनी मॅनेजरच्या हातून खोका पडला. तो उचलायलाही बाईंनी त्यालाच लावलं. वर येताना मला म्हणाल्या, "एकदा चांगली लाज वाटली ना सुहास, की सवय लागत नाही."

बाई इंटर्नल ऑडिटच्या प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. त्यांनी आपल्याला कसं सोललं, हे माणसाला घरी गेल्यावर कळायचं. तरी आम्हा मराठी मंडळींना त्यांचं फार कौतुक होतं. माझ्या बायकोच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनीच करून आणले होते. कुणाचंही बारसं असलं तरी पाळणा म्हणायला बाईच लागत, आणि त्या गायला लागल्या की रडकं मूलही गप्प व्हायचं.

माझा आतेभाऊ नीलेश आमच्याच कंपनीत इंजिनियर होता. रोज कंपनीच्या बसनं जुरोंग आयलंडवर जायचा. तिथल्या प्लांटसाठी आलेले व्हॉल्व्ह तपासून पास करणं हे त्याचं काम. त्याला मुलगी झाली, तेव्हा त्यानं हौसेनं सगळ्यांना बारशाला बोलावलं. बाई होत्याच, आणि व्हॉल्व्ह पुरवणारे मिस्टर लिमही होते. मी आत जेवणाची पानं वाढत होतो. बाहेर बाई पाळणा म्हणत होत्या आणि मिस्टर लिमनी पुढे होऊन बाळाच्या गळ्यात सोन्याची साखळी घातली. "फॉर बेबी ओन्ली, लाह," असं ते हसून म्हणाले. बाईंनी पाळणा पुरा केला, दोन वेळा खीर मागून घेतली आणि बाळाची दृष्ट काढून घरी गेल्या.

सोमवारी त्यांनी नीलेशला केबिनमध्ये बोलावलं. मी तिथेच बसलो होतो.

"गेल्या महिन्यात कुठल्या सप्लायरकडून काही घेतलंस?"

"नाही, बाई."

"नीट आठव."

"काहीच नाही."

खोटं बोलतोय असं त्याला खरंच वाटत नव्हतं. बारशाचा अहेर बाळाचा असतो, बापाचा त्याच्याशी काय संबंध? आणि लाच सरकारी माणसं खातात, आपली तर खासगी कंपनी! हे सगळं तो मला नंतर डोळ्यांत पाणी आणून सांगत होता. सिंगापुरात खासगी नोकरही लाचेच्या कायद्यात येतो, हे वाक्य बाईंच्या ट्रेनिंगमध्ये त्यानं माझ्या शेजारी बसून ऐकलं होतं.

मिस्टर लिमचे सगळे व्हॉल्व्ह नव्याने तपासले गेले. एकूणएक उत्तम निघाले. मला हायसं वाटलं. बाई मात्र म्हणाल्या, "म्हणून तर जास्त वाईट. माल चांगला होता, तर सोनं कशाला? पुढच्या खराब मालासाठी."

नीलेशला काढायचं ठरलं. इथे नोकरी गेली की राहायचा पास जातो आणि पास गेला की बायकामुलांसकट देश सोडायचा. केतकी, नीलेशची बायको, बाळाला घेऊन बाईंच्या फ्लॅटवर गेली. सोबत मी होतो. बाईंनी बाळाला मांडीवर घेतलं, खेळवलं. केतकी बोलत होती, रडत होती. बाई बाळाशी बोबडं बोलता बोलता त्याच्या मानेमागे हात नेऊन साखळीचा फासा सोडवत होत्या. "ही उद्या मिस्टर लिमना परत जाईल," त्या म्हणाल्या. "चहात साखर किती गं तुला?"

त्या क्षणी मला त्यांचा मनापासून तिरस्कार वाटला.

महिन्याभरात नीलेश पुण्याला परतला. तिथे मुलाखती छान व्हायच्या. मग त्या कंपन्या चौकशीसाठी आमच्याकडे फोन करायच्या. ते फोन बाई स्वतः घेत. नीलेशला का काढलं ते शांतपणे, एक शब्द न वाढवता सांगत. दर वेळी तिकडून नकार यायचा. शेवटी मी त्यांच्यासमोर हात जोडले.

"बाई, पोटावर मारू नका. खोटं बोलू नका हवं तर, नुसतं गप्प बसा."

"गप्प बसला म्हणूनच तर गेला ना तो?" बाई म्हणाल्या आणि पुढची फाइल उघडली.

त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. पुढे त्या कॅन्सरनं आजारी पडल्या. भेटायला फळं घेऊन आलेल्या ऑफिसच्या एका माणसाला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. गेल्या तेव्हा इथल्या मंडाई भागातल्या स्मशानात आम्ही मोजकीच माणसं होतो आणि त्यातल्या एकाच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या डोळ्यांत नव्हतं, हे मला ठाऊक आहे.

नीलेशला मीच फोन करून कळवलं.

"सुटलो," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "दादा, आता चौकशीचे फोन कोण घेतं?"

"मी."

"अरे वा! मग एका चांगल्या कंपनीत अर्ज टाकू?"

त्याच्यामागे त्याची मुलगी कसलासा हट्ट करत होती. तिला मी बारशानंतर फारसं पाहिलंच नव्हतं.

"टाक," मी म्हणालो. "पण मला विचारलं तर मी खरं सांगेन."

पलीकडून फोन बंद झाला. त्यानं तो अर्ज कधी टाकलाच नाही.