वाचून दाखवला, बरोबर आहे

वादळ आलं त्या दिवशी दादा वारला नाही. दादा वारला तिसऱ्या दिवशी, सकाळी. मागच्या पडवीवर माड कलला होता. तो तोडायला दादा छपरावर चढला. माड घसरला आणि दादा त्याच्याखाली सापडला. वहिनी आणि मी अंगणात होतो.

एवढं सरळ लिहायला मला काही वर्षं लागली. पहिल्यांदा मी हे लिहिलं होतं, सरकारी कागदावर, आणि तेव्हा ते खोटं लिहिलं होतं.

आमचं गाव किहीम आणि रेवस यांच्या मध्ये आहे. गावच्या हायस्कूलचं ग्रंथालय मी सांभाळते. लग्न केलं नाही, म्हणून दादा-वहिनीपाशीच राहिले. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. माड-पोफळीची वाडी तो बघायचा आणि सुट्टीच्या दिवसांत दोन खोल्या पर्यटकांना द्यायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं.

वादळाची सूचना आधी मिळाली होती. कच्च्या घरांतल्या लोकांना शाळेत नेलं. आमचं घर पक्कं, म्हणून आम्ही घरीच थांबलो. दुपारी वारा सुरू झाला आणि चार वाजायच्या सुमाराला थांबला. दार उघडलं तर ओटीवरून समुद्र दिसत होता. त्या ओटीवरून आम्हाला समुद्र कधीच दिसला नव्हता, मधे वाडी असायची. रस्ता माडांखाली गेला होता, विजेचे खांब आडवे होते, फोन बंद. आम्ही जगलो-वाचलो की नाही हे कुणाला कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओंडके ओलांडत शाळेत गेले. ग्रंथालयाची खिडकी फुटून पाणी आत आलं होतं. एका वर्गात बाकांवर चादर अंथरून मी भिजलेली पुस्तकं पसरत होते. अकराच्या सुमाराला दादा आत आला. त्याच्या दोन्ही हातांवर शेजारची काकी होती. वाडीच्या पलीकडच्या टोकाला काका-काकींचं घर आहे. वादळात त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत पडली आणि काकीचा पाय खाली सापडला. काका रात्रभर तिच्याजवळ बसून होते. एकट्याच्यानं तिला उचलवत नव्हतं आणि बाहेर हाक ऐकायला कुणी नव्हतं. दादा पोचला तेव्हा सकाळ झाली होती. एरवी पाच मिनिटांची ती वाट, तिला घेऊन यायला त्याला तासभर लागला.

"बाय, ती चादर दे," तो मला म्हणाला. मी चादर ओढली, पुस्तकं खाली पडली. काकीला टेकवताना तो तिला म्हणाला, "काय गं काकी, लग्नात तरी काकांनी तुला एवढं उचललं होतं का?"

काकी कण्हत होती. तरी म्हणाली, "त्यांना तवा डोईवरचा फेटा पेलत न्हवता."

तिसऱ्या दिवशी दादा वारला. अलिबागच्या इस्पितळापर्यंत जायला रस्ता नव्हता. गावच्या पोलीस पाटलाची जागा कधीपासून रिकामी होती. डॉक्टरांनी त्याला पाहिलं नाही, कुणी कुठे नोंद केली नाही. संध्याकाळी आम्ही त्याला अग्नी दिला. लाकूड सगळीकडे पडलं होतं, पण सगळं ओलं होतं. फार वेळ लागला.

रस्ता उघडल्यावर गाड्या आल्या. अधिकारी आले, पुढारी आले, फोटो निघाले. सरकारनं भाग आपद्‌ग्रस्त जाहीर केला. वर्तमानपत्र आलं तेव्हा मी ते वहिनीला वाचून दाखवलं. पडलेल्या घरांना मदत होती, झाडांना होती, होड्यांना होती. वादळात मृत्यू झालेल्यांच्या वारसांनाही होती.

"ते शेवटचं परत वाचा," वहिनी म्हणाली.

तिच्या मनात काय आहे ते मला समजलं. माड लावला की फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. तेवढी वर्षं काढायला आमच्याकडे माझा पगार होता, तोही ग्रंथालयातल्या कारकुनाचा. त्याच आठवड्यात किहीमकडचा एक दलाल येऊन गेला होता. सुतकाचं घर म्हणून तो अंगणातच उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "वाडी आता मोकळीच झालीय वहिनी. बांधकामाला बरी पडेल." तो गेल्यावर मला म्हणाली, "वन्सं, सरकारचे पैसे आले तर वाडी राहील. नाही आले तर हा माणूस परत येईल."

अकराव्या दिवशी तलाठी आले. चाळिशीचे गृहस्थ, गुडघ्यापर्यंत चिखल, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत. सकाळपासून हे कितवं घर ते त्यांनाही आठवत नव्हतं. सुतकाच्या घरी कुणी चहा घेत नाही. त्यांनी मागून घेतला.

"शवविच्छेदन?"

"नाही झालं."

"डॉक्टरचा काही कागद?"

"रस्ता बंद होता."

"म्हणजे सगळं पंचनाम्यावर आलं." त्यांनी कप खाली ठेवला. "तारीख कुठली टाकायची?"

मी तारीख सांगितली.

"मॅडम, तारीख कुठली असं मी विचारलं नाही. कुठली टाकायची, असं विचारलं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. तिसऱ्या दिवशी वारा नव्हता. वर तहसील कचेरीत बसलेला माणूस विचारणार, वारा नव्हता तर माणूस वादळात कसा मेला? वादळाची तारीख टाकली तर कुणी काही विचारणार नाही. "दोन दिवसांचा तर फरक आहे. उद्या काही झालंच तर मी बघून घेईन," ते म्हणाले. त्यांनी याबद्दल आमच्याकडे काही मागितलं नाही, पुढेही कधी मागितलं नाही. बायकोमाणसं उघड्यावर पडू नयेत एवढंच त्यांच्या मनात होतं.

आतून वहिनीचा आवाज आला, "टाका."

तलाठ्यांच्या बोटांना लिहून लिहून फोड आले होते. तुमचं अक्षर चांगलं असेल, तुम्हीच लिहा, असं म्हणून त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी लिहिलं. वादळाची तारीख घातली. वाऱ्याचा जोर वाढून घराच्या मागील बाजूचा माड उन्मळून पडला व त्याखाली सापडून सदर इसम जागीच मयत झाला, असं लिहिलं. मला कुठे अडखळायला झालं नाही. त्या भाषेची मला सवय आहे, शाळेची पत्रं मीच लिहिते. लिहून झाल्यावर अक्षर सरळ आलंय ना, हेसुद्धा मी पाहिलं.

पंच म्हणून शेजारचे तिघे ओटीवर बसले होते. दोघांनी न वाचता सह्या केल्या. तिसरे काका. त्यांना वाचता येत नाही, ते अंगठा देतात. तलाठ्यांनी शाईचा डबा उघडून पुढे केला. काकांनी अंगठा शाईवर दाबला, वर उचलला आणि मला म्हणाले, "वाच."

कागदाच्या तळाशी छापलेलंच असतं, 'वाचून दाखवला, बरोबर आहे.' मी वाचून दाखवला.

"तारीख परत वाच."

मी परत वाचली. काकांनी डाव्या हाताच्या पेरांवर दिवस मोजले.

"वादळाच्या दिवशी दुपारी मेला?"

"हो काका."

"मंग दुसऱ्या दिवशी माज्या बायकोला कोनी उचलली?"

तलाठी म्हणाले, "काका, हे कागदापुरतं आहे."

"मी बी कागदापुरतंच इचारतोय. मेलेला मानूस माज्या बायकोला उचलून शाळंत घेऊन गेला, आसं लिवा. मी आंगठा देतो."

सही केलेल्यांपैकी एकाला हसू आलं. ते त्यानं खोकल्यात घालवलं. दुसरा म्हणाला, "म्हाताऱ्या, कशाला तिच्या तोंडचा घास काढतोस? दे ना आंगठा."

तेवढ्यात वहिनी बाहेर आली. दादा गेल्यापासून ती चार माणसांसमोर आली नव्हती. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"काका, तुमची काकी घरात आहे. म्हणून तुम्हाला खरं-खोटं सुचतंय."

काका तिच्याकडे वळले. शाई लागलेला अंगठा त्यांनी कागदापासून वीतभर वर तसाच धरला होता.

"व्हय," ते म्हणाले. "हाय घरात. कोनामुळं हाय ते तू सांग. मी आत्ता आंगठा देतो. पन तू सांग, दुसऱ्या कोनाचं मी न्हाय ऐकनार."

वहिनी माझ्याकडे वळली. "वन्सं, तुम्ही शाळेत होता ना? काकीला यांनी तुमच्यासमोर आणलं ना?"

"हो."

"मग लिहिताना तुमचा हात कसा चालला?"

'टाका' ती स्वतःच म्हणाली होती. मला ते बोलून दाखवता आलं असतं. पण तिचा प्रश्न खरा होता. चादर मी दिली होती. त्या सकाळी दादाच्या अंगाला येणारा ओल्या मातीचा वास मला आठवत होता, आणि तरी मी त्या सकाळच्या आदल्या दिवशी त्याला कागदावर मारून टाकलं होतं.

"वहिनी, विचार करा," तलाठी हळू आवाजात म्हणाले. "हा कागद एकदा गेला की परत बदलता येणार नाही. मी उद्या परत येऊ शकत नाही."

वहिनी चौकटीवरचा हात काढत नव्हती. दलाल काय म्हणाला होता ते तिला आठवत असणार, मलाही आठवत होतं. ती हो म्हणाली असती तर काकांनी अंगठा दिला असता, याविषयी मला आजही शंका नाही.

"दुसरा कागद घ्या," ती म्हणाली आणि आत गेली.

मी दुसरा कागद लिहिला. तो मला सहज लिहिता आला नाही. वादळात मुळांसकट सुटलेला माड तिसऱ्या दिवशी छपरावरून घसरून, असं लिहिलं. वादळ आणि मृत्यू एकाच वाक्यात यावेत म्हणून ते वाक्य मी तीनदा कच्चं लिहून पाहिलं. वाचून दाखवलं. काकांच्या अंगठ्यावरची शाई तोवर वाळली होती, त्यांनी पुन्हा लावली.

दिवाळीच्या आसपास तहसील कचेरीतून पत्र आलं. घटना आपत्तीच्या दिनांकानंतर घडली असल्याने प्रकरण अपात्र ठरवण्यात येत आहे, असं त्यात होतं. मी अपील लिहिलं. अलिबागला खेटे घातले. एका अधिकाऱ्यांनी माझा अर्ज पूर्ण वाचला. असं सहसा कुणी वाचत नाही. "बाई, तुम्ही लिहिलंय चांगलं," ते म्हणाले. "मला पटलंही. पण नियमात बसवायला मला तारीख लागते." मी त्यांना विचारलं, झाड वादळानं पाडलं की नाही? ते म्हणाले, पाडलं. मग? ते म्हणाले, माणूस त्या दिवशी मेला नाही. अपील फेटाळलं गेलं. वरचंही फेटाळलं गेलं. घराला 'अंशतः पडझड' म्हणून मदत मिळाली, त्यात मागच्या पडवीवर पत्रे आले.

दुसऱ्या उन्हाळ्यात दलाल परत आला. वहिनीनं त्याला ओटीवर बसवून भाव केला. रस्त्याकडचा अर्धा भाग दिला, मागचा देणार नाही म्हणून सांगितलं. सही करून आल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. अजूनही कधी वीज गेली, कधी घरात काही अडलं, तर ती म्हणते, "त्या दिवशी काकांचा आंगठा घ्यायला हवा होता." आणि कधी कुणी पाहुणा दादाची आठवण काढतो तेव्हा दुसऱ्या दिवसाची गोष्ट तीच सांगते. मी सांगायला लागले तर मला थांबवते, कारण फेट्याचं मला नीट सांगता येत नाही म्हणते. ती त्या वेळी शाळेत नव्हती.

रस्त्याकडच्या भागाला आता दगडी कुंपण आहे. मागचा अर्धा भाग आमच्याकडे आहे. त्यात वादळातून उरलेले नऊ माड आहेत आणि वहिनीनं लावलेली रोपं आहेत, त्यांनी अजून फळ धरलेलं नाही. घरात वहिनी आहे आणि मी आहे.