नावेला फुटलेले कोंब

रस्त्यावर डांबर वितळताना वास आला की मला तापीकाठची आमची नाव आठवते. स्वतःच्या नावेतून धरलेला मासा मेहुण्याला खाऊ घालीन, असं माझे काका, म्हणजे आमचे नाना, बोलून बसले होते. पाणी आत शिरू नये म्हणून फळ्यांच्या फटीत कापूस ठासतात, एवढंच आम्ही ऐकलेलं. आम्ही घरचाच कापूस सरकीसकट ठासला, बाहेरून डांबर फासलं आणि लाकूड फुगावं म्हणून नाव आठवडाभर पाण्यात ठेवली. मेहुण्याला घेऊन काठावर गेलो, तर आत हिरवी रांगच! मी ओरडलो, "नाना, नावले कोंब फुटनात!" मेहुणा म्हणाला, "दाजी, मासा राहू द्या, कापूस वेचनीले बलावा." नाना गंभीरपणे म्हणाले, "पह्यले खुरपनी करनी पडी." दुपारी पाहुण्याला भरीत वाढलं. आजही कुणी मासेमारीचं विचारलं, की मी शेतीवर बोलू लागतो.